बायको-लेकरं सोडून एकट्यानं जंगलात राहायला जाणं बरोबर आहे का?

झाडीपट्टीवाला (जि. भंडारा)

नमस्कार मंडळी. हा प्रश्न घरात कोणाजवळ काढता येत नाही म्हणून इथं विचारतो.

माझं वय 46. साकोली तालुक्यात राहतो. साडेतीन एकर धानाची शेती आहे आणि एका राइस मिलमध्ये हिशेब लिहायचं काम करतो. घरी बायको, आई, दहावीतली मुलगी आणि सातवीतला मुलगा. भाऊ पुण्यात असतो. घरात भांडण नाही. सोसायटीचं कर्ज आहे ते दरवर्षी फिरतं राहते, डोईजड नाही. दारू कधी घेतली नाही, खर्राही सोडला. म्हणजे कशाला कंटाळून पळून जातो आहे, असं कोणी समजू नये.

लहानपणी मी आजासोबत मोहफुलं वेचायला जायचो. आमचं गाव नागझिऱ्याच्या काठाला लागून. अंधारात निघायचो, झाडाखाली पोचेपर्यंत फुलं पडायला सुरुवात झालेली असायची. आजा बोलायचा नाही. मी पण नाही. टोपली भरेस्तोवर उजाडायचं. तिथं लागूनच आजाच्या नावाचा अर्धा एकर तुकडा होता, तो आता माझ्या नावावर आहे. पडीतच आहे. तिथं एक झोपडं टाकायचं आणि राहायचं, असं मनात घट्ट बसलं आहे.

मिलमध्ये दिवसभर कोंड्याची धूळ आणि मशीनचा आवाज. रात्री झोपलो तरी कानात मशीन चालूच असते. बाकी काय, परे टाका, रोवणा करा, चुरणा करा, धान केंद्रावर न्या, चुकाऱ्याची वाट पाहा, बोनस जाहीर झाला का ते पेपरात पाहा. यातच 46 वर्षं गेली. उरलेली पण अशीच जातील हे मला स्वच्छ दिसते.

शेती बायकोच्या हाती देईन, साठवलेले पैसे तिला देईन. पण गेलो की गेलो. आठवड्याला घरी येणं-जाणं ठेवलं तर मग ते जाणं नाही. आपल्या विदर्भात घर सोडून गेलेल्या माणसांना आपण हात जोडतो. साधा माणूस गेला तर तो पळपुटा काहून?

मनापासून विचारतो आहे, मनापासून सांगा.

वाटसरू_चिमूर

दादा, जा. मी स्पष्ट सांगतो.

तुकडोजी महाराज कोवळ्या वयात आमच्या भागात रामदेगीच्या, गोंदोड्याच्या रानात राहिले, तिथून जे घेऊन आले ते नंतर साऱ्या गावांना मिळालं. गाडगेबाबांनी 1905 मध्ये घर सोडलं तेव्हा आई, बायको, मुली घरात होत्या. ते दापुऱ्यातच शेती करत राहिले असते तर एक चांगला शेतकरी झाला असता एवढंच.

माझे वडील घरातच राहिले. रोज संध्याकाळी ओसरीवर बसायचे, पण आमच्याशी बोलायचे नाहीत, आईशी तर नाहीच. त्यांचं मन कुठं होतं ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. देहानं घरात आणि मनानं बाहेर असलेल्या बापासोबत मोठं होणं काय असते ते मी भोगलं आहे. लेकरांना तसा बाप देण्यापेक्षा गेलेला बरा.

निवृत्त_वनरक्षक

भाऊ, माही सारी नोकरी ब्रह्मपुरी आणि ताडोब्याच्या अंगानं गेली. बरोबर का चूक ते घरचे पाहतीन, मी तुमाले जंगलाचं सांगतो.

पयले त्या तुकड्याचा सातबारा नीट वाचा. मालकीचं वावर असन तर झोपडीले कोणी काही म्हणत नाही. पण "झुडपी जंगल" असा शेरा असन तर गोष्ट वेगळी. 22 मे 2025 ले सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, झुडपी जंगल म्हणजे वनच धरायचं. आणि धुऱ्याच्या पलीकडे राखीव वन असन तर तिथं बसताच येत नाही. वनहक्काचा कायदा 2006 चा आहे, पण तो नवीन येणाऱ्यासाठी नाही. आदिवासी नसन तर 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून तीन पिढ्या, म्हणजे 75 वर्षं, तिथं राहत असल्याचं दाखवा लागते. नागझिरा 1970 पासून अभयारण्य आहे आणि 2013 पासून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प. तिथं तर परवानगीशिवाय पायच टाकता येत नाही.

दुसरी गोष्ट. तुमी मोहाचं लिवलं म्हणून सांगतो. मोहाखाली वाघाच्या आधी अस्वलाचं भेव. तेही त्याच येळेले तीच फुलं खायले येते आणि वाकून येचणारा माणूस त्याले चार पायाचा दिसते. म्हणून आता बाया एकटीदुकटी जात नाहीत, घोळक्यानं जातात, मोठ्यानं बोलत राह्यतात. तुमचा आजा तुमाले संग काहून नेत होता, याचाही इचार करा.

अन् मण्यार. पावसाळ्यात झोपडीत उंदरामागं येते, रात्री चावते, दुखतसुदा नाही. माणूस झोपेत राह्यते. पहाटे पोटात कळ येते, पापण्या जड होतात, जीभ उचलत नाही. घरात दुसरं कोणी असन तर त्याले समजते, गाडी काढून ग्रामीण रुग्णालयात नेतात, सलाइनमधून सर्पविषाचं औषध देतात, वाचते माणूस. एकटा असन तर नाही वाचत.

तिसरी. जंगलात पिढ्यानपिढ्या राहणारे गोंड, माडिया लोक मी जवळून पाह्यले, त्याइच्यात एकटा राहणारा मले कोणी भेटला नाही. धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा पाहून या. 2009 मध्ये त्या गावाले सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क भेटला. तिथं कोणताही निर्णय बहुमतानं होत नाही, साऱ्याइचं एकमत होईपर्यंत बसतात. एक जण जरी नाही म्हणाला तरी थांबतात, पुन्हा बसतात. जंगलात राहाचं म्हणजे लोकाइच्या संगं राहाचं, हे मी तिथं शिकलो.

ग्रंथालयवाला (यवतमाळ)

वनात जाणं आपल्या परंपरेतच आहे असं बरेच जण म्हणतात, म्हणून थोडं भर घालतो. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात वानप्रस्थाची वेळ सांगितली आहे: अंगावर सुरकुत्या, डोक्याचे केस पांढरे आणि लेकराचं लेकरू पाहिलं की वन धरावं. बायकोला मुलांच्या हवाली करून किंवा सोबत घेऊन. दहावीतली मुलगी घरात असताना नाही. त्या ग्रंथातलं सारं मान्य करायचं कारण नाही, उलट बरंच टाकून देण्यासारखं आहे, पण ज्याचा आधार घेता त्यानंही ही अट घातली आहे.

कौटिल्य तर आणखी कडक. अर्थशास्त्रात दुसऱ्या अधिकरणात त्यानं लिहून ठेवलं आहे की बायको-मुलांची सोय न लावता जो संन्यास घेईल त्याला दंड करावा. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीही लोक असे जात होते आणि मागं राहिलेल्यांचा भार कोणावर तरी पडत होता.

आजचा कायदाही हेच पाहतो. पुरेसं साधन असून बायको, मुलं, आईवडील यांच्याकडं पाठ फिरवली तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 खाली पोटगी द्यावी लागते. सलग दोन वर्षं सोडून राहिलं तर हिंदू विवाह कायद्यानं तिला घटस्फोट मागता येतो.

वऱ्हाडची_लेक

हा धागा दोनदा वाचला. चिमूरच्या भाऊंचं दुःख खरं आहे, त्यांना खोटं पाडायचं नाही. पण गेलेल्या बापाची मुलगी इथं कोणीतरी बोलली पाहिजे, म्हणून लिहिते.

आमचं गाव दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यात. विहिरीचं पाणी पिता येत नाही, पिकालाही देता येत नाही. कपाशी, तूर, मूग, सारं वरच्या पावसावर. मी आठवीत असताना बाबा बहिरमच्या जत्रेला जातो म्हणून गेले. बहिरम सातपुड्याच्या पायथ्याशी, तिथून रस्ता वर डोंगरात जातो. दरवर्षी ते जायचे, रोडगे करून खायचे, दोन दिवसांनी यायचे. त्या वर्षी आले नाहीत. मायनं दोन्ही तालुक्यांचे दवाखाने पाहिले. उन्हाळ्याच्या तोंडावर एका ट्रकवाल्यानं निरोप आणला की मेळघाटात एका ढाण्याच्या, म्हणजे कोरकूंच्या छोट्या वस्तीच्या, बाजूला झोपडी करून राहतात, बरे आहेत, शोधू नका.

दादा, तुम्ही लिहिलं आहे की शेती बायकोच्या हाती देईन. हाती देणं म्हणजे काय ते मी सांगते, कारण आमच्या घरी शेती अशीच मायच्या हाती आली होती.

सातबारा बाबांच्या नावावर. पेरणीच्या आधी माय सोसायटीत गेली, तर खातेदाराची सही पाहिजे. खातेदार डोंगरात. बाबा मेले असते तर वारसाचा फेरफार झाला असता, तलाठ्यानं चौकशी करून नावं चढवली असती. जिवंत माणसाचा वारस होत नाही. बेपत्ता धरावं तर सात वर्षं थांबावं लागते, आणि आम्हाला तर ते कुठं आहेत हे माहीतच होतं. मग मायनं बियाण्यासाठी गावातल्या एकाकडून व्याजानं पैसे घेतले. त्या व्याजात माझ्या मोठ्या बहिणीचं कॉलेज गेलं. 2017 ला कर्जमाफीचा ऑनलाइन अर्ज भरायची वेळ आली तेव्हा नवरा-बायको दोघांचे आधार मागत होते. माय केंद्रावरच्या पोराला काय सांगणार? नवरा आहे, पण नाही?

हे "आहे पण नाही" सगळीकडं आडवं आलं. शाळेच्या फॉर्मवर वडिलांची सही. रेशनकार्डावर त्यांचं नाव, धान्य मात्र आमच्याच पोटात, तरी लोक विचारणार. हळदीकुंकवाला माय गेली तर बाया एकमेकींकडं बघायच्या, नाही गेली तरी बोलायच्या. विधवा बाईला जग निदान काही नियमानं वागवते, ते नियमही वाईटच आहेत, पण मायला कोणत्याच रांगेत उभं राहता येत नव्हतं.

पोळ्याचं सांगते. बाबा गेले त्या वर्षी पोळ्याला बैल कोण नेणार हा प्रश्न आला. काका आमच्याशी बोलत नव्हते. मायनं सकाळी बैल धुतले, खांदे तुपा-हळदीनं शेकले, शिंगांना हिंगूळ लावला, झुली चढवल्या आणि दोन्ही कासरे हातात धरून स्वतः तोरणाखाली नेऊन उभी केली जोडी. गावात तोपर्यंत कोणत्या बाईनं बैल तोरणाखाली नेले नव्हते. कोणी अडवलं नाही, पण कोणी शेजारी जोडीही लावली नाही, दोन्ही बाजूला जागा मोकळी राहिली. मी तिच्या मागं उभी होते. तिचा पदर डोक्यावरून खांद्यावर आला होता आणि दोन्ही हात कासऱ्यात असल्यामुळं तिला तो सावरता येत नव्हता. मी सावरून दिला.

मी नोकरीला लागल्यावर बाबांना भेटून आले. खोटं बोलणार नाही, ते सुखात होते. चेहरा शांत, अंगानं काटक. कोणता पक्षी कुठं घरटं करतो ते सांगत होते. दुपारी ढाण्यातली एक कोरकू बाई कुटकीचा भात आणि भाजी घेऊन आली. रोज त्या चार-पाच घरांतून पाळीनं जेवण येते म्हणाले, ते त्यांच्या पोरांना पाढे शिकवतात. त्या बाईची दोन पोरं सोबत होती. बाबांना त्यांची नावं ठाऊक, कोण कोणत्या वर्गात ते ठाऊक, धाकट्याला भागाकार जमत नाही हेही ठाऊक. मग माझ्याकडं वळून त्यांनी विचारलं, "तुझं शिक्षण कुठवर आलं?" मी तेव्हा शिक्षिका होते, पहिला पगार झाला होता.

म्हणजे ते घर सोडून रानात गेले असं मी म्हणू शकत नाही. ते दुसऱ्यांच्या घरांवर राहत होते. कुटुंबाशिवाय माणूस जगला नाही, फक्त ज्यांच्याबद्दल जबाबदारी होती ती माणसं बदलली. आणि ती कोरकू माणसं आमच्यापेक्षा गरीब.

चिमूरचे भाऊ, गाडगेबाबांच्या पायावर मीही डोकं ठेवते. वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर त्यांचा देह पडला, तिथं माय आम्हाला घेऊन गेली होती. पण गाडगेबाबा रानात नाही गेले, ते झाडू घेऊन गावांत आले. आणि त्यांच्या बायकोचं, कुंताबाईंचं, नाव आपल्यापैकी किती जणांना पटकन आठवलं असतं? दापुऱ्यात मागं राहून त्यांनी कसं निभावलं हे आपण कीर्तनात ऐकतो का? एका माणसाच्या त्यागात आपण दुसऱ्याचा त्याग मोजतच नाही. आणि त्या दुसऱ्यानं तो केलेला नसतो, त्याच्यावर येऊन पडलेला असतो.

मेळघाटातच दुसरं उदाहरण आहे. बैरागडला डॉ. रवींद्र कोल्हे राहायला गेले. लग्नाच्या आधी त्यांनी अटी सांगितल्या होत्या: महिन्याला 400 रुपयांत संसार, 40 किलोमीटर पायी चालायची तयारी. बऱ्याच मुलींनी नकार दिला. नागपूरच्या डॉ. स्मिताताई हो म्हणाल्या आणि गेल्या. 2019 ला दोघांना पद्मश्री मिळाली. हेमलकशालाही प्रकाशभाऊ आणि मंदाताई आमटे दोघं होते. जंगलात जाणं वाईट असं मी कुठंच म्हणत नाही. या लोकांनी आधी विचारलं आणि समोरच्याला नाही म्हणायची मोकळीक होती. माझ्या मायला बहिरमच्या जत्रेचं सांगितलं होतं.

दादा, तुमच्या साऱ्या लेखात बायकोला विचारलं असं एकही वाक्य नाही. "घरात कोणाजवळ काढता येत नाही" म्हणता. जी गोष्ट तिच्याजवळ काढता येत नाही ती तिच्यावर लादायची कशी?

झाडीपट्टीवाला

ताई, वाचून बराच वेळ सुचलं नाही काही. तुमच्या वडिलांसारखं न सांगता जायचं माझ्या मनात नव्हतं, सांगूनच जाणार होतो. पण सांगणं आणि विचारणं यात फरक आहे हे मान्य करतो.

एक शंका आहे ती मोकळेपणानं मांडतो. विचारलं आणि ती नाही म्हणाली तर? मग मी जन्मभर मिलमध्येच? वनरक्षक काकाजी, तुम्हीही सांगा.

निवृत्त_वनरक्षक

मिल सोडाले जंगलात जा लागते असं नाही ना बाप्पा. मिलचा आवाज ही एक गोष्ट, बायको-लेकरं ही दुसरी. तुमी दोन्हीची गाठ एकातच मारून राहिले. कानात आवाज राह्यते म्हणता ते पयले डॉक्टरले दाखवा, मिलमध्ये काम करणाऱ्याइचे कान जातात.

वऱ्हाडची_लेक

काकाजींचं बरोबर आहे. मी एवढंच सांगते की नाही म्हणाली तर नाही. पण दादा, ती नाहीच म्हणेल हे तुम्ही आधीच धरून चालला आहात. रोवणा तिनंही केला. चिखलात वाकून, कमरेत, तुमच्याइतकीच वर्षं. चुरणा केला, वरून स्वयंपाक, तुमच्या आईचं औषधपाणी. तिला कंटाळा आला नसेल? तिला कोणत्या झाडाखाली जाऊन बसावंसं वाटते हे तुम्हाला माहीत आहे? कदाचित ती म्हणेल, मुलीची दहावी होऊ द्या, मुलगा मोठा होऊ द्या, मग दोघं जाऊ. कदाचित म्हणेल की मोहाच्या दिवसांत महिनाभर जाऊन राहा, मी सांभाळते, आणि मग दिवाळीनंतर महिनाभर मी माहेरी जाते, तुम्ही सांभाळा. तुम्हाला हे जाणं वाटणार नाही, तसं तुम्ही लिहिलंच आहे. पण "गेलो की गेलो" याचा हट्ट का, हे आधी स्वतःला विचारा. शांतता पाहिजे की कोणी हाक मारू नये हे पाहिजे? माझ्या बाबांना दुसरं पाहिजे होतं, हे मला त्यांना भेटल्यावर कळलं.

मुलीलाही विचारा. दहावीतल्या मुलीला सारं कळते. मी आठवीत होते, मला कळलं असतं.

आणि एक काम, जायचं असो की राहायचं असो, याच महिन्यात करा. लक्ष्मी मुक्ती योजना म्हणून शासनाची आहे, 1992 पासून. शेतकरी संघटनेच्या बायांनी गावोगाव मोहीम केली तेव्हा ती आली. नवऱ्यानं अर्ज केला की सातबाऱ्यावर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून चढते. तहसीलदाराच्या नावानं साधा अर्ज करायचा, सोबत सातबारा आणि दोघांचे आधार जोडायचे. साडेतीन एकरावर आणि त्या मोहाच्या अर्ध्या एकरावर, दोन्हीवर चढवा. सोसायटीच्या खात्यालाही तिचं नाव लावून घ्या, पीकविम्यालाही. तलाठी दोन चकरा मारायला लावेल, मारा. नाव चढलं की नवा सातबारा काढून तिच्या हातात द्या आणि मग तिच्याजवळ बसून तुमचा विषय काढा, म्हणजे तिला जे उत्तर द्यायचं ते ती न घाबरता देईल.